अमृता शेर-गिलला अजिंठ्याची किंमत कळली ती पॅरिसच्या म्युझियममध्ये

सप्टेंबर २०२३ मध्ये अमृता शेर-गिलचं 'द स्टोरी टेलर' हे चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाखांना विकलं गेलं आणि बातमी सगळीकडे फिरली. हे चित्र १९३७ चं. त्याच्या थोडं आधी अमृता अजिंठा आणि दक्षिण भारत पाहून आली होती. पण अजिंठ्याचं वेड तिला त्याआधीच लागलं होतं, आणि तेही पॅरिसमध्ये.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टमधला. वडील उमरावसिंग पंजाबच्या शीख सरदार घराण्यातले, संस्कृत-फारसीचे अभ्यासक. आई मारी आंत्वानेत हंगेरियन, ऑपेरा गाणारी. १९२१ मध्ये कुटुंब सिमल्याला आलं आणि १९२९ मध्ये १६ वर्षांच्या अमृताला चित्रकला शिकता यावी म्हणून सगळं बिऱ्हाड पॅरिसला हललं.

तिथलं इकोल दे बोझार हे तिचं कॉलेज. सीन नदीच्या एका काठावर कॉलेज, समोरच्या काठावर लूव्र. म्हणजे युरोपातले थोर जुने चित्रकार पूल ओलांडला की हजर. शिक्षणही त्याच वळणाचं. समोर मॉडेल बसवायचं, उजेड कुठून पडतोय ते बघायचं, छाया-प्रकाशातून अंगाची गोलाई उभी करायची. अमृता त्यात इतकी तयार झाली की 'यंग गर्ल्स' या १९३२ च्या चित्रामुळे पुढच्याच वर्षी ग्रां सलोंने तिला असोसिएट म्हणून निवडलं. वय अवघं २०.

इथेच थांबली असती तरी तिचं बरं चाललं असतं. पण तिला सेझान आणि गोगँ सापडले. गोगँ ताहिती बेटावर जाऊन सपाट, गडद रंगांत तिथल्या बायका रंगवत होता. खोलीचा आभास, काटेकोर सावल्या यांची त्याला फारशी पर्वा नव्हती. १९३४ मध्ये अमृताने स्वतःलाच ताहितीच्या बाईच्या रूपात रंगवलं. मागे जपानी वळणाच्या आकृती, पुढे अर्धी पंजाबी, अर्धी हंगेरियन मुलगी. युरोपातल्या पुरुषाने 'परकी' म्हणून रंगवलेल्या बाईच्या जागी ती स्वतः जाऊन उभी राहिली.

पॅरिसमध्ये लूव्रशिवाय आणखी एक म्युझियम होतं, म्युझे गिमे. लियाँचे उद्योगपती एमिल गिमे यांच्या संग्रहातून ते उभं राहिलं आणि १८८९ पासून पॅरिसमध्ये आशियाई कला दाखवत होतं. आधुनिक चित्रांवर तयार झालेली नजर घेऊन अमृताने तिथली शिल्पं पाहिली, आणि जे सिमल्यात कधी दिसलं नव्हतं ते दिसलं. थोडक्या रेषा, नेमका आकार, फापटपसारा नाही. १९३४ मध्ये तिने आई-वडिलांना पत्र लिहिलं. अजिंठ्याचं एक भित्तिचित्र किंवा गिमेमधलं एखादं छोटं शिल्प अख्ख्या रेनेसाँपेक्षा मोलाचं आहे, आणि युरोपात आलो नसतो तर हे कदाचित आपल्याला कधीच कळलं नसतं, असं तिचं म्हणणं होतं. अख्खा रेनेसाँ म्हणजे लिओनार्दो, मायकेलअँजेलो सगळेच आले. २१ व्या वर्षी माणूस असं बोलून जातो. आणि गंमत म्हणजे तोवर अजिंठ्याची लेणी तिने प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती.

ती १९३४ अखेर भारतात परतली. १९३५ चं 'थ्री गर्ल्स' अजिंठ्याच्या आधीचंच. त्याला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९३६ च्या शेवटी मुंबईत ताजमहाल हॉटेलात प्रदर्शन झालं आणि तिथून ती अखेर अजिंठा-वेरूळला पोहोचली. (आपण सर्रास 'फ्रेस्को' म्हणतो, पण अजिंठ्याची चित्रं ओल्या नाही, वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत.)

पुढचा मुक्काम हैदराबाद. तिथे नवाब सालारजंगांनी कौतुकाने आपला प्रचंड संग्रह दाखवला. लेटन, वॉट्स अशा व्हिक्टोरियन चित्रकारांवर पैसा ओतलेला पाहून अमृताने तोंडावरच नापसंती दाखवली. नवाबांनी तिची चित्रं घेतली नाहीत. पैशांची गरज असतानाही तिला गोड बोलणं जमलं नाही.

तिथून ती केरळात गेली, कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रं पाहिली आणि १९३७ मध्ये तीन मोठी चित्रं काढली: 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारीज' आणि 'साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट'. त्यांत अजिंठ्याची नक्कल नाही. नक्कल करणाऱ्या बंगाली शैलीच्या चित्रकारांवर तर तिचा रागच होता. माध्यम तैलरंग, म्हणजे पॅरिसचंच. पण माणसं सावळी, स्थिर, मातीच्या रंगात बुडालेली.

१९३८ मध्ये तिने आपला मावसभाऊ, डॉक्टर व्हिक्टर एगान याच्याशी लग्न केलं. ५ डिसेंबर १९४१ ला, लाहोरमधलं प्रदर्शन काही दिवसांवर असताना, अचानक आजारी पडून ती गेली. वय २८.

दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पॅरिसचं 'यंग गर्ल्स' आहे आणि 'ब्राइड्स टॉयलेट'ही. दोन्हींमध्ये अंतर फक्त पाच वर्षांचं आहे.