रेव्हरंड नारायण वामन टिळक : एका शरणागताचे चरित्र

सोलापूर-पुणे रस्त्यावर चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेले आमचे एक माळकरी बंधू आहेत. गेल्या एकादशीला भजन आटोपल्यावर त्यांनी एक प्रश्न काढला. त्यांच्या शेजारच्या यंत्रावर एक ख्रिस्ती गृहस्थ काम करतात. बोलता बोलता ते म्हणाले, की आम्हीही देवाला सर्वस्व वाहतो. आता माळ नाही, वारी नाही, तुळस नाही, तर हे वाहणं म्हणजे नेमकं काय, असा आमच्या बंधूंचा प्रश्न. शास्त्रार्थात शिरण्यापेक्षा एका माणसाचे चरित्रच सांगावे हे बरे, असे आम्हाला वाटले. आणि तो माणूस तरी कोणता? तुकोबांच्या अभंगांवर वाढलेला, आपल्याच बोलीत लिहिणारा, फुलामुलांचा कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोचलेला.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई लवकर गेली, वडिलांचा स्वभाव कडक. पोर घर सोडून नाशिकला आले आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. तीच पुढे लक्ष्मीबाई. संसार मांडला खरा, पण टिळकांचा पाय एका गावी ठरत नसे. नोकरी धरायची, सोडायची, मनात आले की निघायचे! हातात पैसा राहत नसे. समोर गरजू दिसला की संपला. पुराण सांगावे, कविता कराव्या, नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम करावे, असे दिवस चालले होते. मनात मात्र एकच तळमळ, की जातीजातींनी चिरफळलेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता?

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या. त्याने बायबलातील नव्या कराराची प्रत हाती दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून तो आपल्या वाटेने गेला. त्याचे नावही टिळकांना कधी कळले नाही. पुस्तक चाळता चाळता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. शत्रूवर प्रेम करा, उद्याची चिंता वाहू नका, हा उपदेश काही त्यांना परका वाटला नाही. त्याची पायवाट तुकोबांनी आधीच तुडवून ठेवली होती. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते पुढे उघड सांगत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोलापुरातही एकोणिसाव्या शतकापासून काम करीत आलेले ते हेच मिशन.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, झाले, सर्वस्व वाहिले! जात गेली, गोत गेले, ब्राह्मण्य गेले, सगेसोयरे तुटले. आमचे मत तसे नाही, आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो. त्या दिवशी टिळकांनी वाहिले त्याची अर्धी किंमत दुसऱ्याच कुणी भरली. लक्ष्मीबाईंना विचारले नव्हते. पदरी दत्तू हे लहान मूल. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. माहेरी आकांत झाला. बाई दुःखाने वेडीपिशी होऊ लागली. चारपाच वर्षे ती नातलगांच्या आधाराने राहिली. त्यांतले काही दिवस आपल्या पंढरपुरात बहिणीकडे काढले. विठोबाच्या गावात बसून ती नवऱ्याच्या विरहावर ओव्या जुळवीत होती, हे वाचताना काळीज हलते. तुकोबांनी गहाणखते इंद्रायणीत सोडली तेव्हा घरी जिजाई होतीच ना? भक्ताच्या त्यागाचे पोवाडे गाताना चुलीपुढच्या माणसाचा हिशेब आपण सांगतच नाही.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपले सोवळे घेऊन! पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही. एरवी फार तापट माणूस, पण इथे थांबला. देवाला शरण गेल्याचा खरा पुरावा आम्हाला या थांबण्यात दिसतो, बाप्तिस्म्याच्या पाण्यात नव्हे. पुढे बाईंच्याच मनाने घेतले, की जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत. एकदा हे उमगल्यावर सोवळे आपोआप गळाले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळातली पोरकी पोरे या घरात वाढली. बालकवी ठोंबरेही काही काळ याच घरचे मूल होऊन राहिले.

आता ख्रिस्ती माणूस शरण जाणे कशाला म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. पकडले जाण्याच्या रात्री येशू गेथशेमाने नावाच्या बागेत प्रार्थना करीत होता. मरण टळावे असे त्यालाही वाटले, आणि ते त्याने लपविले नाही. मग आपली इच्छा बाजूला ठेवून बापाची इच्छा होवो, एवढेच त्याने मागितले. ख्रिस्त्याचे समर्पण ते हे. द्रव्य टाकणे सोपे, घर टाकणेही जमते. माझेच खरे, हा हट्ट टाकणे अवघड. वारकऱ्याला हे नवे का सांगावे लागते?

टिळकांचा हट्ट सुटायला वीस-बावीस वर्षे लागली. मिशनमध्ये ते शिक्षक झाले, पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग पाहू लागले. मान होता, पगार होता. पण एक शल्य बोचत राहिले. साहेबाच्या पैशावर पोसलेला ख्रिस्ती आपल्याच देशात परका ठरतो. ख्रिस्त यायचा तर या मातीच्या पायांनी यावा, बूट घालून नव्हे. म्हणून त्यांनी टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन उभे केले, अभंग रचले. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह वाचणाऱ्याला छंद ओळखीचा वाटेल, आर्तताही ओळखीची वाटेल. नाव तेवढे निराळे.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. वय पंचावन्न, प्रकृती ढासळलेली, पुढची सोय काही नाही. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. ज्या विधीसाठी एकदा बायकोमुलापासून तुटले, तोच विधी आता दाराशी अडसर म्हणून ठेवायला ते तयार नव्हते. मिशनमधल्या कित्येकांना हे रुचले नसेल, पण आम्हाला या चरित्रातला सर्वांत मोठा त्याग हाच वाटतो. आपण जिंकून घेतलेली जागाही माझी नाही असे म्हणायला छाती लागते.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेवला. ख्रिस्ती लोकांत पुरण्याची चाल. यांनी मात्र दहन करावे असे सांगून ठेवले होते. त्याप्रमाणे दहन झाले आणि रक्षा अहमदनगरला नेली.

मागे राहिले ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला त्यांनी घेतले होते, पण सुरुवातीचे थोडेसेच अध्याय झाले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी उचलले. लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरवलेली ही बाई. शाळा कधी पाहिली नव्हती. तिने अध्यायामागून अध्याय रचले. मध्येच ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि त्यात नवऱ्याचे थोरपण सांगितले तसे त्याचे वेडेपणही हसत हसत सांगून टाकले. १९३६ साली त्या गेल्या, तोवर नवऱ्याने अर्ध्यावर टाकलेला ग्रंथ त्यांनी जवळजवळ तडीस नेला होता.