कडबा कापायचं पातं आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी म्हटलं की आपल्याला पंप आठवतात. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला जी यंत्रं बनवली, त्यांत कडबा कापायचं यंत्रही होतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नव्हते. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात भाऊ रामुअण्णांसोबत सायकलचं दुकान सुरू झालं. पुढे नोकरी सोडून त्यांनी शेतीची अवजारं हाती घेतली.

आता कडबा कापणं सोपं वाटतं, पण तसं नाही. ज्वारीच्या ताटाची साल चिवट, धागे लांब, आणि त्यात सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते. पातं बोथट असेल तर ताट तुटत नाही, नुसतं चेंगरतं. म्हणून अशा यंत्रात तीन गोष्टी बघायच्या. एक, पात्याचं पोलाद: मऊ असेल तर धार टिकत नाही, फार कडक असेल तर कपरे उडतात. दोन, फिरतं पातं आणि स्थिर पट्टी यांतली फट: ती वाढली की धागे त्यात दुमडून अडकतात. तीन, पात्याचा बाक: त्यामुळे सगळा भारा एका झटक्यात न तुटता सरकत कापला जातो, जोर कमी लागतो.

बुलेटप्रूफ जॅकेटमधलं केवलार कापतानाही हाच हिशोब असतो. साध्या कात्रीतून ते धागे निसटतात. म्हणून एका पात्याला बारीक दाते देतात, ते धागा धरून ठेवतात आणि दुसरं पातं तो कापतं.

यंत्र चांगलं असलं तरी ते खपायला हवं ना? लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असा तेव्हा समज होता. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. त्यात बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानानं कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं कारखाना, सोबत वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. आज तुम्ही कडबाकुट्टी घ्या नाहीतर केवलारची कात्री, दुकानदाराला किमतीच्या आधी तीन प्रश्न विचारा: पोलाद कोणतं, फट जुळवता येते का, आणि धार परत लावता येते का?