मूठ कायमची, पाते तात्पुरते : किंग कॅम्प जिलेट

विमानप्रवासाची बॅग भरताना कपडे, औषधे, कागदपत्रे यांची मांडणी झटपट होते. दाढीच्या सामानापाशी मात्र हात थबकतो. कोणती वस्तू हातातील सामानात चालेल आणि कोणती चेक-इन बॅगेत टाकावी लागेल, याचा निर्णय तेथे करावा लागतो. दाबोळीला किंवा मोपाला बॅग क्ष-किरण यंत्रातून सरकते, तेव्हा सेफ्टी रेझरची रिकामी मूठ सहसा कोणाला खटकत नाही. आक्षेप असतो तो पात्याला. मूठ आणि पाते यांची ही फारकत मात्र सुरक्षा यंत्रणांनी केलेली नाही. ती सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका फिरत्या विक्रेत्याने केली. त्याचे नाव किंग कॅम्प जिलेट.

जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील फॉन्ड डू लॅक या गावी झाला. नावातील 'कॅम्प' हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव. पुढे कुटुंब शिकागोला स्थायिक झाले. पण १८७१ च्या भीषण आगीत शिकागोचा मोठा भाग भस्मसात झाला आणि वडिलांचा व्यवसायही त्या आगीत गेला. आई फॅनी जिलेट जिद्दीची बाई होती. तिने पाककृतींचे एक पुस्तक तयार केले आणि १८८७ साली निघालेले ते पुस्तक कित्येक दशके अमेरिकेच्या स्वयंपाकघरांत वावरत राहिले. घरात नवे काही घडवून पाहण्याची वृत्ती होती, हाती भांडवल मात्र नव्हते. किंग यांना कोवळ्या वयातच नोकरी धरावी लागली आणि ती फिरत्या विक्रेत्याची होती.

त्या काळातील फिरता विक्रेता म्हणजे आगगाडी, धर्मशाळावजा हॉटेले आणि नमुन्यांची पेटी यांत आयुष्य काढणारा माणूस. ग्राहकापुढे जायचे तर चेहरा नीटनेटका हवा. सामानात असे तो वस्तरा. त्याच्याबरोबर धार परजण्यासाठी चामड्याचा पट्टा, साबण आणि ब्रशही आलाच. पट्ट्यावर परजूनही धार येईनाशी झाली की वस्तरा न्हाव्याकडे किंवा धार लावणाऱ्याकडे द्यावा लागे. हलत्या डब्यात उघडा वस्तरा गळ्याशी धरणे हे साहसच होते. कातडीला इजा होऊ नये म्हणून पात्यापुढे आड लावलेले रेझर तेव्हा बाजारात नव्हते असे नाही. काम्फे बंधूंचा तसा रेझर १८८० पासून अमेरिकेत विकला जात होता. पण त्याचे पातेही जाड, घडवलेल्या पोलादाचे असे आणि त्यालाही वारंवार धार लावावी लागे. कापण्याचे भय कमी झाले होते. धारेची चिंता मात्र तशीच होती.

जिलेट यांच्या डोक्यात त्या सुमारास दोन विचार एकदम घोळत होते आणि ते परस्परांच्या अगदी विरुद्ध होते. पहिला विचार समाजरचनेचा. १८९४ साली त्यांनी 'द ह्यूमन ड्रिफ्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. माणसामाणसांतील स्पर्धा हेच सर्व दारिद्र्याचे, गुन्ह्यांचे आणि उधळपट्टीचे मूळ आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी नायगाराच्या धबधब्यापासून वीज घेणारे एकच अतिप्रचंड नगर कल्पिले. सहा कोटी माणसे तेथे राहतील, उत्पादन एकाच समाईक संस्थेकडे असेल आणि कोणतीही वस्तू वाया जाणार नाही, असे त्या नगराचे चित्र होते.

दुसरा विचार रोजच्या पोटापाण्यातून आलेला. जिलेट ज्यांच्याकडे नोकरी करीत होते, ते विल्यम पेंटर म्हणजे बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाचे जनक. झाकण एकदा काढले की फेकून द्यायचे आणि पुढच्या बाटलीला नवे लावायचे, या साध्या युक्तीवर पेंटर यांचा उद्योग उभा होता. एकदा वापरून टाकून देता येईल अशी एखादी वस्तू शोधून काढ, म्हणजे ग्राहक पुन्हा पुन्हा परत येईल, असा सल्ला त्यांनी जिलेट यांना दिला. उधळपट्टीविरुद्ध ग्रंथ लिहिणारा हा गृहस्थ अशा रीतीने टाकाऊ वस्तूच्या शोधाला लागला.

१८९५ सालच्या एका सकाळी मॅसॅच्युसेट्समधील ब्रूकलाइनच्या घरी दाढी करायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आले, की वस्तरा इतका बोथट झाला आहे, की आता पट्ट्यानेही भागणार नाही. त्याच क्षणी त्यांना कल्पना सुचली. दाढी होते ती केवळ धारेने. मग धारेमागे एवढे जाड पोलाद हवेच कशाला? पातळ पत्र्याच्या तुकड्याला दोन्ही कडांना धार द्यावी, तो मुठीत पकडावा आणि बोथट झाला की टाकून नवा बसवावा. मूठ कायमची, पाते तात्पुरते. कल्पना पूर्ण होती. पण ती प्रत्यक्षात यायला पुढची आठ वर्षे लागली.

अडचण धातूची होती. इतक्या पातळ पत्र्याला कठीणपणा आणण्यासाठी तापवून थंड केले, की तो वाकडातिकडा होई. धार लावायला गेले, की कड तुटे. हे काम होण्यासारखे नाही, असे मत मॅसॅच्युसेट्सच्या नामांकित तंत्रज्ञान संस्थेतील जाणकारांनी दिले. जिलेट स्वतः अभियंते नव्हते, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी नाद सोडला नाही. त्याच संस्थेत शिकलेले विल्यम एमरी निकर्सन हे यंत्रज्ञ १९०१ साली त्यांना येऊन मिळाले. पत्रा सपाट राखून त्याला कठीणपणा देण्याची पद्धत आणि धार लावणारी यंत्रे निकर्सन यांनी सिद्ध केली. नाव जिलेट यांचे झाले. पण ते पाते कारखान्यातून बाहेर पडले ते निकर्सन यांच्या कौशल्यामुळे. मुठीची रचनाही तितकीच नामी होती. मूठ फिरवली, की वरचे झाकण आणि खालचे आड यांच्यामध्ये पाते किंचित वाकून घट्ट बसे आणि त्या बाकामुळेच पातळ पत्र्याला हवा तो ताठपणा येई.

२८ सप्टेंबर १९०१ रोजी कंपनीची स्थापना झाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्याच वर्षी रेझरचा खप नव्वद हजारांवर गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंटही हाती आले. पाच डॉलर ही मुठीची किंमत त्या काळी थोडी नव्हती. तरीही लोकांनी ती मोजली, कारण आता न्हाव्याच्या वेळेवर, धार लावणाऱ्याच्या मर्जीवर किंवा गाडीच्या हेलकाव्यांवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नव्हते. पात्याच्या प्रत्येक वेष्टनावर जिलेट यांचा मिशीवाला चेहरा आणि सही छापलेली असे. त्यामुळे ज्या देशांत त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते, तेथेही लोक त्यांना चेहऱ्याने ओळखू लागले.

पहिल्या महायुद्धाने ही वस्तू घराघरांत नेली. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी गुळगुळीत हवी. १९१८ साली अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती मागवली. सैनिकाच्या पडशीत मावणारा हा संच युद्धानंतर त्याच्याबरोबर घरी परतला. रोज स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय लक्षावधी पुरुषांना लागली ती अशी, प्रवासातल्या सामानातून.

कारखान्याची भरभराट होत असताना जिलेट यांचा जीव त्यात फारसा रमत नव्हता. भागीदारांशी वाद होऊन कंपनीची सूत्रे त्यांच्या हातून हळूहळू निसटली. त्यांचे मन अजूनही त्या स्पर्धाविरहित नगरातच होते. १९१० साली त्यांनी एक विश्वव्यापी महामंडळ योजले आणि त्याचे अध्यक्षपद दहा लाख डॉलर मानधन देऊ करून माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पुढे केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. १९२४ साली त्यांनी याच विषयावर आणखी एक पुस्तक लिहिले. त्यांची पाती जगाने घेतली. त्यांचे विचार मात्र कोणी घेतले नाहीत.

१९२१ साली पेटंटची मुदत संपली आणि प्रतिस्पर्धी पुढे सरसावले. १९३० मध्ये ऑटोस्ट्रॉप या प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण झाले. त्या वेळी जुन्या कंपनीचे नफ्याचे आकडे फुगवलेले असल्याचे उघड झाले आणि समभाग कोसळले. पुढच्या वर्षी जिलेट अध्यक्षपदावरून दूर झाले. कॅलिफोर्नियातील जमिनींत आणि कॅलाबासास येथील टोलेजंग वाड्यात अडकवलेला पैसा महामंदीने गिळला. ज्या स्पर्धेला त्यांनी आयुष्यभर शत्रू मानले, तिनेच त्यांना श्रीमंत केले आणि तिच्याच फेऱ्यात ती श्रीमंती ओसरली. ९ जुलै १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, लॉस एंजेलिस परिसरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कंपनीच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण होण्यास अवघे काही दिवस उरले असताना, ११ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेत विमाने पळवून भीषण हल्ले झाले. त्यानंतर धारदार वस्तूंचे नियम जगभर कडक झाले आणि प्रवाशाच्या सोयीसाठी जन्मलेले पाते विमानाच्या केबिनमधून हद्दपार झाले. आज सर्वसाधारण रीत अशी आहे. सुटी पाती आणि उघडा वस्तरा चेक-इन बॅगेतच, तोही वेष्टनात नीट गुंडाळून, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. प्लॅस्टिकच्या डोक्यात पाती बंदिस्त असलेला कार्ट्रिज रेझर हातातील सामानात सहसा चालतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात दाढीचे क्रीम, जेल, आफ्टरशेव्ह यांची प्रत्येक बाटली किंवा ट्यूब १०० मिलीलिटरपर्यंतची असावी आणि ती सर्व एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावावीत. साबणाच्या वडीला ही मर्यादा नसते. फेसाचा मोठा डबा टोपण लावून चेक-इन बॅगेत ठेवावा. विजेवर चालणारा शेव्हर लिथियम बॅटरीचा असेल तर तो जवळ ठेवणे बरे. सुटी बॅटरी तर चेक-इन बॅगेत ठेवूच नये. अखेरचा शब्द तपासणी अधिकाऱ्याचा असतो, हेही लक्षात असू द्यावे.

आणि ज्याच्यापाशी केवळ केबिन बॅग आहे, त्याने काय करावे? त्याने मूठ बरोबर घ्यावी, पाती घरी ठेवावीत आणि उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे पाकीट घ्यावे. आजही कोणत्याही कंपनीचे दुधारी पाते कोणत्याही तशा मुठीत बसते आणि ते थोडक्या पैशांत जवळपास सर्वत्र मिळते. आगगाडीने हिंडणाऱ्या जिलेट यांनी पाते मुठीपासून सोडवले, ते बोथट धारेच्या त्रासातून सुटण्यासाठी. विमानाने जाणाऱ्याला तीच युक्ती आता वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडते.