जे. आर. डी. टाटा : भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारा माणूस



आपल्या नगर जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाजवळ शिर्डीचा विमानतळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तो सुरू झाला. शेतात काम करता करता डोक्यावरून विमान गेलं, की आपण अजूनही मान वर करून बघतो. पण हे विमान चालवणारा माणूस शिकतो कसा? आणि एकदा शिकला की झालं, असं असतं का? या प्रश्नांचं उत्तर शोधताना एका माणसाचं आयुष्य समजून घ्यायलाच हवं. तो माणूस म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच आपले जे. आर. डी.

बालपण

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, तर आई सुझान फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर हार्डेलो या गावी राहायला जाई. १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो हे तिथले शेजारी. तिथेच साधारण पंधराव्या वर्षी जहांगीर पहिल्यांदा विमानात बसला. ती फेरी काही मिनिटांचीच, पण आपणही वैमानिक व्हायचं हे त्याच्या मनाने तेव्हाच घेतलं.

ही इच्छा पूर्ण व्हायला मात्र दहा वर्षं जावी लागली. १९२३ मध्ये आई गेली. १९२५ च्या अखेरीस जहांगीर मुंबईला टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून कामाला लागला. पुढच्याच वर्षी वडीलही गेले.

विमान शिकणे

१९२८ मध्ये मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जे. आर. डी. लगेच तिथे दाखल झाले. त्या काळच्या मॉथ विमानात दोन जागा एकामागे एक असत आणि दोन्हींकडे विमान चालवायची सारखीच साधनं असत. एका जागेवर शिकवणारा, दुसऱ्या जागेवर शिकणारा. पोराचा हात चुकला, की गुरूचा हात तयार!

शिक्षकाबरोबर जेमतेम पावणेचार तास उडाल्यावर जे. आर. डी. यांनी एकट्याने विमान उडवलं. आज खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, यावरून अंदाज करा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना, त्यावर क्रमांक १.

शर्यत आणि स्पार्क प्लग

आगाखानांनी १९३० सालासाठी बक्षीस जाहीर केलं. भारत आणि इंग्लंड यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. जे. आर. डी. कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून, तरुण अस्पी इंजिनिअर येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. पुढे काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकला! जे. आर. डी. यांना त्याचं वाईट वाटलं नाही. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

टपालाचं विमान

१५ ऑक्टोबर १९३२. पहाटे कराचीहून जे. आर. डी. एकटेच पस मॉथ विमानात टपालाची पोती घेऊन निघाले. रेडिओ नाही, वाट दाखवणारी यंत्रं नाहीत. अहमदाबादला इंधन आलं ते बैलगाडीतून. दुपारी ते जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी टपाल मद्रासकडे नेलं. याच सेवेतून पुढे १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्ष जे. आर. डी. हेच राहिले. १९७८ मध्ये मात्र त्यांना या पदावरून दूर करण्यात आलं. स्वतः वाढवलेलं घर सोडावं लागण्यासारखंच ते होतं.

परवाना आहे, पण सराव?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एकदा शिकला की झालं का? तर नाही. प्रवासी घेऊन उडायचं, तर वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत किमान तीनदा विमान उडवलेलं आणि उतरवलेलं असावं, असा नियम अनेक देशांत आहे. याला वैमानिक करन्सी म्हणतात. म्हणजे हात ताजा असणं. दोन वर्षं विहिरीत न उतरलेला पट्टीचा पोहणारासुद्धा पहिल्या उडीला गडबडतो की नाही? तसंच हे.

आणि शिकवणाऱ्याचं काय? इथे गंमत आहे. अमेरिकेच्या विमान खात्याने असा अर्थ लावला, की शिकणारा विद्यार्थी हा प्रवासी धरायचा नाही. त्यामुळे ९० दिवसांचा सराव राहून गेलेला शिक्षकही त्याला घेऊन उडू शकतो. मागे तिसरा कुणी बसला, तर तो मात्र प्रवासी, आणि मग नियम लागू! कायद्याने हे बरोबर आहे. पण जरा विचार करा. नवख्याचा हात जमिनीजवळ चुकला, तर विमान सावरायला एक-दोन सेकंदच मिळतात. तेव्हा शिक्षकाचा हात गंजलेला असून कसं चालेल? नियम सांगतो तो कमीत कमी सराव. पुरेसा सराव किती, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे ठरवायचं असतं.

मी स्वतः दोन वर्षांनी एखादा धडा तयारीशिवाय शिकवायला घेतला, की फळ्यासमोर अडखळतो. वर्गात ते निभावतं. आकाशात निभावत नाही.

शेवटचं मोठं उड्डाण

१९६२ मध्ये, तीस वर्षं झाली म्हणून, जे. आर. डी. यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केलं. आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून त्यांनी तीच वाट पुन्हा एकट्याने कापली. तरुणांमध्ये साहसाची ओढ जागी व्हावी, ही त्यामागची इच्छा. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचं निधन झालं. त्यांची एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटांकडे आली, पण ते पाहायला ते नव्हते.

मित्रांनो, पहिल्या क्रमांकाचा परवाना १९२९ मध्येच त्यांच्या खिशात होता. पण ५३ वर्षांनी ते विमान जुहूला सुखरूप उतरवलं, ते त्या कागदाने नव्हे. तुमच्याकडेही कधी गुणपत्रिका असेल, कधी गाडीचं लायसन्स, कधी नोकरीचा दाखला. तो जपून ठेवाच. पण ते काम शेवटचं हाताने कधी केलं होतं, हेही अधूनमधून स्वतःला विचारत जा.