शिक्षक ओहम
जर्मनीतील एर्लांगेन येथे १७८९ साली कुलपे घडविणाऱ्या एका कारागिराच्या घरी गेऑर्ग ओहम यांचा जन्म झाला. स्वाध्यायाने मिळविलेले गणित वडिलांनीच त्यांना शिकविले. कोलोनच्या शाळेत अध्यापन करीत असता त्यांनी तारांवर प्रयोग केले. विभवांतरास विद्युतधारेने भागल्यास रोध मिळतो, हे सार असलेला नियम त्यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. स्वदेशात त्याची उपेक्षा झाली; व्यथित होऊन त्यांनी नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. म्युनिकचे पूर्ण प्राध्यापकपद लाभले, तेव्हा १८५४ मधील निधनास दोनच वर्षे उरली होती. चेरीतालचा विद्यार्थी २३० व्होल्टवर अर्धा अँपिअर धारा घेणाऱ्या दिव्याचा रोध ४६० ओहम आणि गुणाकाराने शक्ती ११५ वॅट काढतो, तेव्हा एका शाळाशिक्षकाचेच नाव तो वहीत लिहीत असतो.