एर्लांग : गर्दीचं गणित मांडणारे मास्तर

रात्री साडेदहाला होस्टेलचं वायफाय रडतं आणि पहाटे चारला तेच सुसाट पळतं. लाईन तीच, राउटर तोच. मग वाढवायचं तरी किती? कमी पडलं तर पोरं बोंबलणार, जास्त केलं तर पैसा आणि वीज वाया. मित्रहो, हे कोडं शंभर वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी सोडवलं. त्यांचं नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

१ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गावच्याच शाळेत शिक्षक. मुलगा इतका हुशार, की १४ व्या वर्षी कोपनहेगनला परीक्षेला बसला. वय कमी म्हणून खास परवानगी काढावी लागली, पण पास झाला तो विशेष प्रावीण्याने! पुढे १९०१ साली कोपनहेगन विद्यापीठातून ते गणितात एम. ए. झाले आणि सात वर्षं शाळांमधून शिकवत राहिले.

गणितप्रेमींच्या मंडळात त्यांची ओळख जेन्सन यांच्याशी झाली. हो, तेच 'जेन्सनची असमानता'वाले! ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. त्यांच्यामुळे १९०८ साली एर्लांग कंपनीत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. गणिती म्हणून नुसते टेबलाशी बसले नाहीत. केबलमधून गळणारा करंट मोजायला शिडीवाला कामगार बरोबर घेऊन ते रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरत.

तेव्हा कॉल जोडायला एक्स्चेंजमध्ये बायका बसत. कोण कधी फोन करील याचा नेम नाही. एर्लांग यांनी १९०९ च्या लेखात दाखवलं, की एकेक माणूस बेभरवशाचा असला तरी गर्दी मात्र पॉयसाँच्या नियमाने चालते. १९१७ साली त्यांनी सूत्रं दिली : इतके कॉल, इतक्या लाईन, तर किती जणांना 'बिझी' मिळेल आणि किती वेळ थांबावं लागेल. ही सूत्रं ब्रिटिश पोस्ट ऑफिसनेही वापरली.

त्यातली खरी गंमत बघा. एक लाईन तासभर सतत व्यापलेली असणं म्हणजे १ एर्लांग. १० एर्लांगच्या गर्दीत शंभरात फार तर एकच कॉल हुकावा असं वाटत असेल, तर १८ लाईन लागतात. अशा दोन वेगळ्या एक्स्चेंजना मिळून ३६. पण दोन्हींची गर्दी एकत्र केली तर ३० मध्ये भागतं! एकाची गर्दी असते तेव्हा दुसऱ्याकडे जागा असते, एवढंच कारण.

आजचं क्लाउड याच विचारावर उभं आहे. प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर दिला तर तो बराच वेळ रिकामा बसतो, आणि रिकामा सर्व्हरही वीज खातोच. म्हणून एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन ठेवतात आणि उरलेली मशीन बंद करतात. पण फुकट काही नाही. चालू व्हर्च्युअल मशीन हलवायचं म्हणजे त्याची सगळी मेमरी नेटवर्कवरून न्यायची, म्हणजे ट्रॅफिक वाढला. आणि फारच कोंबलं तर रांगा लागल्या. वीज वाचवायची की वाट बघायची, हा तराजू एर्लांग यांनीच आपल्या हातात दिला.

त्यांनी लग्न केलं नाही. पुस्तकं भरपूर जमवली, आणि गरजूला मदत करताना हात आखडला नाही. जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा घेतली नाही असं सांगतात. पोटाच्या ऑपरेशननंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, अवघ्या ५१ व्या वर्षी ते गेले. ट्रॅफिकच्या एककाला त्यांचं नाव मिळालं ते १९४६ साली. ते बघायला ते नव्हते.

तर आज रात्री नेट अडकलं की वॉर्डन सरांच्या नावाने शिमगा करण्याआधी एक करा. आपल्या विंगमध्ये एका वेळी किती जण ऑनलाईन असतात ते आठवडाभर मोजा. आकडे हातात असले की मागणी ऐकली जाते. एर्लांग यांनी तरी दुसरं काय केलं होतं?