रूममेट व्हिन्सेंट



ॲमस्टलव्हेनला नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच: भाडं परवडत नाही, कुणाबरोबर फ्लॅट शेअर करू का? या वेळी उत्तर म्हणून इथल्याच एका माणसाची गोष्ट सांगतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३ चा, झुंडर्ट गावचा. वडील पाद्री. १८७७ मध्ये दोर्द्रेख्तला पुस्तकांच्या दुकानात नोकरी करताना ग्योर्लिट्झ नावाचा तरुण शिक्षक त्याचा रूममेट होता. व्हिन्सेंट रात्री उशिरापर्यंत बायबल वाचत बसे. तरी दोघांचं जमलं, आणि ग्योर्लिट्झने पुढे त्याची आठवण आपुलकीनेच काढली.

१८८६ मध्ये तो न कळवता पॅरिसला धाकट्या भावाकडे, थिओकडे, जाऊन धडकला. पसारा आणि वाद यांनी थिओ इतका कंटाळला की घरात राहणं असह्य झाल्याचं त्याने बहिणीला कळवलं. पण दोन वर्षांनी व्हिन्सेंट निघून गेला तेव्हा त्याच थिओला घर खायला उठलं.

मे १८८८ मध्ये व्हिन्सेंटने दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी महिना १५ फ्रँक भाड्याने पिवळं घर घेतलं. चित्रकारांनी तिथे एकत्र राहावं हे त्याचं स्वप्न. त्याने पॉल गोगँला बोलावलं आणि त्याच्या खोलीसाठी सूर्यफुलं रंगवली. गोगँ कर्जात होता. दरमहा एका चित्राच्या बदल्यात थिओ त्याला १५० फ्रँक देणार, असं ठरलं. बरीच चालढकल करून तो २३ ऑक्टोबरला आला.

व्यवस्था तर चोख होती. गोगँने एका डब्यात भाडं आणि वरखर्चाचे पैसे ठेवले, दुसऱ्यात जेवणाचे. स्वयंपाक तो करी, बाजारहाट व्हिन्सेंट. बिनसलं ते दुसरीकडेच. एकाला समोर दिसेल ते रंगवायचं होतं, दुसऱ्याला मनातलं. पावसाने दोघं घरात कोंडले गेले. त्यातून गोगँच्या खोलीत जायला व्हिन्सेंटच्या खोलीतूनच वाट! एकाला कायमचा सोबती हवा होता, दुसरा निघायच्या विचारात होता. २३ डिसेंबरच्या रात्री व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला. त्याच्या आजाराचं खापर गोगँवर फोडणं मात्र बरोबर नाही. पुढे दोघं कधी भेटले नाहीत, पत्रं चालू राहिली. २९ जुलै १८९० ला वयाच्या ३७ व्या वर्षी व्हिन्सेंट गेला.

माझाही एक रूममेट दोन महिन्यांत निघून गेला होता. एक्सेल शीटमध्ये पैशांचा हिशेब अगदी बरोबर होता. तो किती दिवस राहणार आणि कशासाठी, हे मात्र मी विचारलंच नव्हतं. तेव्हा मंडळी, डिपॉझिट भरण्याआधी हे दोन प्रश्न जरूर विचारा.

आणि ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये गेलात तर त्याच्या बेडरूमचं चित्र नीट पाहा. डावीकडचं बंद दार गोगँच्या खोलीचं आहे. चित्र काढलं तेव्हा गोगँ यायचा होता.